हिरवा ठिपका

मधली पाच वर्षं वसुधाताई कागवाडे कीर्तनाला उभी राहिली नव्हती. आजारी म्हणावं तर ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठून खाटेच्या कडेला बसायची आणि तिथंच दुपार व्हायची. धाकटी बहीण रेवती घास पुढे करील तेवढा खायची. ज्या बाईच्या आवाजानं मिरजेच्या दत्तमंदिरातले सगळ्यांत मागे बसलेले लोकही ताठ व्हायचे, ती घोटभर पाणी मागायलाही तोंड उघडेना.

आणि मग उल्हासिन नावाची गोळी आली. काही महिन्यांतच ताई स्वयंपाकघरात गुणगुणू लागली. पुढच्या एकादशीला ती कीर्तनाला उभी राहिली. मंडप भरून लोक बाहेरच्या पायऱ्यांवर बसले होते. निरूपण करता करता ती मधेच थांबली, पेटीवाल्या अप्पांकडे बघून हसली आणि लोकांना म्हणाली, "मी बरी झाले ती देवाची कृपा. पण देवानं ती गोळीच्या रूपानं धाडली, हेही सांगते. त्यात लाजायचं काय?" गोळीचं नावही तिनं सांगून टाकलं. त्यांच्या वडिलांची शिकवणच तशी होती. कीर्तनकार जिथं उभा राहतो ती नारदाची गादी; तिथं उभं राहून खोटं बोलायचं नाही आणि खरं झाकायचं नाही. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात लोक 'ताईंची गोळी द्या' म्हणून येऊ लागले.

रेवतीला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आता मात्र ती रोज जतच्या माळावरून संध्याकाळच्या बसनं परत यायची, तेव्हा त्याच कीर्तनाची आठवण तिला जड व्हायची. त्याचं कारण तिची नोकरी.

जतच्या माळावर आता प्रकाशवलय नावाची प्रयोगशाळा उभी आहे. तिच्या मोठ्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरत राहतात आणि वळताना अतिशय प्रखर क्ष-किरण फेकतात. त्या किरणांत स्फटिक धरून प्रथिनांची रचना शोधायची, हे डॉ. रेवती कागवाडेचं काम. तिच्या गटाकडे त्या वर्षी उल्हासिनचाच तपास आला होता. गोळीला परवानगी मिळाली होती ती तात्पुरती. कायमची मिळायची तर एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती.

ती गोष्ट अशी. सेरोटोनिन हे शरीरातलं निरोप पोचवणारं रसायन. त्याचा निरोप घ्यायला पेशींच्या तेलकट भिंतीत ग्राहक नावाची प्रथिनं बसलेली असतात. गोधडी शिवताना दोरा जसा वरून खाली आणि खालून वर जातो, तसं हे प्रथिन त्या भिंतीतून सात वेळा आरपार गेलेलं असतं. त्या सात टाक्यांच्या मधे एक खिसा तयार होतो. सेरोटोनिन त्या खिशात जाऊन बसलं की निरोप पोचला. मेंदूतल्या एका ग्राहकाच्या खिशात उल्हासिन बसतं आणि मनावरची मरगळ उतरते. पण त्याच ग्राहकाचा एक सख्खा भाऊबंद हृदयाच्या झडपांवर असतो. एखादं औषध त्याच्याही खिशात शिरून त्याला रोज जागं करत राहिलं, तर झडपा हळूहळू जाड होतात, नीट मिटेनाशा होतात. हे कळायला वर्षं जातात, आणि कळतं तेव्हा माणसाला जिना चढवत नाही. म्हणून नवा नियम आला होता: हृदयाच्या ग्राहकाची रचना काढा आणि औषध त्याच्या खिशात बसत नाही हे दाखवा.

सांगायला सोपं, करायला कर्मकठीण. हे प्रथिन तेलातलं; भिंतीतून बाहेर काढलं की विस्कटतं. त्याला एका घट्ट, चिकट, तेलकट पदार्थात ठेवून त्याचे स्फटिक वाढवावे लागतात. प्रयोगशाळेत त्या पदार्थाला सगळे लोणीच म्हणत. महिनोन्‌महिने लोणी कालवून पिठाच्या कणाएवढे स्फटिक मिळतात, त्यातले निम्मे उचलतानाच मोडतात. उरलेले गोठवायचे आणि किरणांत धरायचे. किरण विखुरून जी नक्षी उमटते, तिच्यावरून संगणक गणित करून पडद्यावर निळ्या जाळीचा एक ढग दाखवतो. त्या ढगात अणू बसवत जाणं, हे माणसाचं काम. ढग असून तुम्ही तिथं अणू बसवला नसेल, तर हिरवा ठिपका दिसतो. काही नाही तिथं बसवला असेल, तर लाल.

ताई ती गोळी घेते, हे रेवतीनं गटाचे प्रमुख डॉ. इम्तियाज मुजावर यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले होते की अख्ख्या मिरजेला ठाऊक आहे, मला नसेल का? त्यांच्या मिरजेतल्या आजोळी सतारी बनत, आणि तबला ऐकायला म्हणून ते लहानपणापासून दत्तमंदिरात येऊन बसत. त्यांनी नेहमीचाच रिवाज पाळला: निळ्या ढगाचा एकच नकाशा दोघांनी वेगवेगळा भरायचा, एकमेकांचं न बघता.

उल्हासिन मिसळून वाढवलेल्या स्फटिकांतून हृदयाच्या ग्राहकाचा नकाशा आला, तेव्हा खिसा रिकामा नव्हता. आत एक लांबट, पुसट ढग होता. औषधही असू शकेल असा, आणि लोण्यातल्या चरबीचं एखादं शेपूटही असू शकेल असा. चरबी अशी खिशात शिरून बसते, हे या कामातल्या सगळ्यांना माहीत असतं. रेवतीनं तिथं चरबी बसवली. छान बसली. फक्त शेवटाला एक हिरवा ठिपका उरला. तिनं त्यावर पाण्याचा एक रेणू ठेवला. ठिपका गेला.

ती चहा प्यायला बाहेर आली. माळावर वारा होता. कपात धूळ पडली ती बोटानं काढता काढता तिच्या मनात आलं, पाणी? तिथं? त्या कोपऱ्यात चारही बाजूंनी तेलकट अणू. पाण्याला हात धरायला कोणी नाही. हे तिला शिकत असल्यापासून माहीत होतं. तरी हात गेला, रेणू ठेवला, ठिपका मिटला आणि बरं वाटलं. ज्या टोकाला तो ठिपका होता, त्याच टोकाला उल्हासिनचा क्लोरिनचा अणू आला असता. क्लोरिन चरबीतल्या अणूंपेक्षा जड. चरबी बसवून जे उरेल, ते नेमकं तेवढंच उरेल.

ती आत आली आणि मुजावरांना विचारलं, "सर, तुमच्या खिशात काय आहे?"

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. "सुपारी. हवी का?" मग तिचा चेहरा बघून त्यांनी हात खिशावरून काढला. "चरबी टाकलीय मी. तुम्ही?"

"चरबी. आणि टोकाला?"

"पाणी."

दोघांनी एकमेकांचं न बघता तेच केलं होतं. तिनं ताईसाठी, आणि त्यांनी, ते स्वतःच म्हणाले, निव्वळ कंटाळून. इतक्या महिन्यांनी नकाशा मिळाला होता, कोणालाही तो मिटवून घरी जावंसं वाटलं असतं. रिवाजानं दोन माणसं वेगळी केली होती. पण दोघांची दमणूक कशी वेगळी करणार?

यातून सुटायची एक वाट होती. क्लोरिनच्या जागी ब्रोमिन घातलेलं उल्हासिन बनवायचं आणि त्याचे स्फटिक वाढवायचे. मुजावर हे विद्यार्थ्यांना सतारीवरून सांगत. सतारीच्या वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. वरची तार छेडली की खालची, त्याच सुराला लावलेली तेवढीच तार आपली आपण झणकते, बाकीच्या गप्प. क्ष-किरणांचाही सूर फिरवता येतो. ब्रोमिनच्या सुरावर ते लावले की ब्रोमिनचा अणू तेवढा वेगळा उमटतो. चरबीत ब्रोमिन नसतो. पाण्यात नसतो.

त्याला पुन्हा काही महिने लागले. या काळात ताई जोरात होती. आसपासच्या गावांतून कीर्तनाची बोलावणी येत. ओट्याशी उभी राहून ती नवी चाल बांधायची आणि रेवतीला विचारायची की इथं आवाज वर न्यावा का खाली आणावा. रेवती ताटातला भात चिवडत राहायची.

शेवटी स्फटिक मिळाले. किरण लावले. संध्याकाळच्या बसच्या थोडं आधी गणित पुरं झालं, आणि सगळ्या मोकळ्या काळ्या पडद्यावर, खिशाच्या त्या टोकाला, एकच अणू उमटला. शिवाय ग्राहकाची ठेवणही तो जागा झाल्याची होती.

मुजावरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसलंय," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा चढवून, "अहवाल मी लिहितो. तुम्ही घरी जा. बहिणीला सांगा."

रेवती घरी पोचली तेव्हा ताई मेथी निवडत बसली होती. रेवतीही समोर बसून पानं खुडू लागली आणि खुडता खुडता तिनं सगळं सांगितलं. ताई मान खाली घालून मेथी निवडत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणून जेवत नव्हतीस होय. मला वाटलं, माझी चाल पसंत नाही तुला."

हृदयाची तपासणी झाली. एक झडप जराशी जाड झाली होती. डॉक्टरांनी नीट समजावलं. गोळी आता थांबवली तर जाडी बहुतेक तिथंच राहील. गोळ्यांची नवी विक्री बंद झालीच होती. पण जे आधीपासून घेत होते त्यांना लेखी संमती देऊन, दर काही महिन्यांनी तपासणी करून, चालू ठेवता येणार होती. काहींना त्या गोळीवाचून जगणंच अवघड होतं, म्हणून ठेवलेली ही सवलत. जुन्या औषधांतलं एकही ताईला लागू पडलं नव्हतं, हे डॉक्टरांनाही माहीत होतं.

"मी सही करणार," ताईनं घरी येताच सांगून टाकलं.

रेवती पिशवी खुंटीला अडकवत राहिली.

"तुला काय वाटतं ते बोल एकदा."

"मी कुठं थांब म्हणतेय?"

"तोंडानं नाही म्हणत. चेहऱ्यानं दिवसभर म्हणतेस." ताईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "रेवा, लोकांना वाटतं मी तेव्हा दुःखात होते. दुःख असतं तर देवापाशी रडले असते गं. तेही नव्हतं. खाटेची कड तेवढी होती. मला परत तिथं बसवू नकोस. त्यापेक्षा झडप गेली तर जाऊ दे."

रेवतीला म्हणायचं होतं की मला तू हवी आहेस, गाणारी नसलीस तरी. पण पाच वर्षं भरवणाऱ्या बाईनं हे म्हटलं तर ते उपकार दाखवल्यासारखं झालं असतं. ती उठून कुकर लावायला गेली. ताईनं संमतीच्या कागदावर सही केली आणि तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला, सकाळी दवाखान्यात द्यायला.

सकाळी निघायच्या आधीच ईश्वरी तारळेकर आली. पलीकडच्या गल्लीतली, शाळेत शिकवणारी तरुण मुलगी. कडेवर दोन वर्षांची लेक. बाळंतपणानंतर तिचं मन खचलं होतं, आणि ताईच्या त्या कीर्तनानंतर तिनं उल्हासिन सुरू केली होती. तिला डॉक्टर म्हणाले होते की तुला जुनी औषधं लागू पडतील, ही सोड. तिला सोडायची भीती वाटत होती. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली, मग उंबऱ्याशी थांबून तिनं विचारलं, "ताई, तुम्ही घेताय ना अजून?"

ताईची नजर देव्हाऱ्याशेजारच्या कागदाकडे गेली.

"तुम्ही घेताय म्हणजे मग काही नाही. मी पण घेते." तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. "तुम्ही सांगितलं म्हणून तर मी उठून उभी राहिले."

ताईनं तिच्या लेकीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाली, दोन दिवसांनी ये, मग सांगते. ती गेल्यावर ताई बराच वेळ दाराशीच उभी होती. रेवतीची बस चुकली, पण तीही हलली नाही.

"मला वाटत होतं, झडप माझी आहे," ताई शेवटी म्हणाली. "माझी एकटीची असती तर दिली असती गं मी." आणि कागद घेऊन तिनं त्याची घडी केली, अजून एक घडी केली, आणि तो चुलीशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दोन दिवसांनी ईश्वरी आली तेव्हा ताईनं तिला सांगितलं की मी सोडतेय, तूही सोड. डॉक्टरांनी गोळी बेताबेतानं कमी करत नेली. पहिले काही आठवडे ताई म्हणायची की काहीच फरक नाही, तुम्ही उगाच घाबरता. मग चाल बांधणं थांबलं. मग अप्पांचा फोन वाजत राहिला तरी ती उचलेना. एके दिवशी रेवती घरी आली तर ताई खाटेच्या कडेला बसली होती, पाय जमिनीवर, जणू उठायचंच आहे. रेवतीनं चप्पल काढली आणि नुसती तिच्या शेजारी बसून राहिली.

जतला काम चालू होतं. औषध हृदयाच्या खिशात कसं बसतं हे आता दिसत होतं. म्हणजे कुठं एखादा अणुगट वाढवला तर ते त्या खिशाच्या कडेला अडेल आणि मेंदूच्या खिशात मात्र शिरेल, हेही दिसत होतं. मुजावर म्हणत, रेणू सुचलाय, पण माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. रेवती हे ताईला सांगायची. आधी ताई विचारायची, कुठवर आलं गं? पुढे विचारेनाशी झाली. रेवती पहाटे स्वयंपाक करून जायची, ताईला आंघोळीला उठवून जायची, दिवसभर लोणी कालवायची आणि परतीच्या बसमध्ये डोळे ताणून बसायची, कारण झोप लागली तर मिरज मागे पडेल.

एकादशी जवळ आली तशी तिनं अप्पांना सांगायचं ठरवलं की या वेळी दुसरे कोणी बुवा बघा. ताई खाटेवरून म्हणाली, "नको. सांगायचं राहिलंय माझं."

"घरोघरी डॉक्टरांनी कळवलंय, ताई."

"मी घरोघरी सांगितलं नव्हतं. गादीवरून सांगितलं होतं."

कीर्तन उजेड असतानाच सुरू झालं. ताई नऊवारीत उभी राहिली, गळ्यात हार, हातात झांजा. आवाज लागला, पण सपाट. नमनानंतर तिनं निरूपणाला हात घातला नाही. म्हणाली, "मंडळी, आज रंग चढायचा नाही. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही वाट बघणार नाही. मागे इथं उभी राहून मी एका गोळीचं नाव सांगितलं होतं. ती मी सोडली. माझ्या धाकट्या बहिणीनं तिला हृदयाच्या खिशात बसलेली पकडली." मग तिनं ते सगळं सांगितलं: गोधडीचे सात टाके, त्यातला खिसा, त्यात दडलेलं औषध, आणि तरफेची तार. मिरजकरांना तरफ समजावावी लागत नाही. माना हलत होत्या. अजून गोळी घेत असाल तर उद्याच हृदय तपासून घ्या, असं ती म्हणाली.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग ताई, आता आम्ही काय घ्यायचं?"

"डॉक्टर सांगतील ते. माझं ऐकून मात्र काही घेऊ नका."

लोक हसले. ताई हसली नाही, पण थांबली, त्यांचं हसून होईपर्यंत. मग आख्यानाकडे वळली.

कीर्तनकारानं बसायचं नसतं. बसून सांगतात ते प्रवचन. कीर्तन उभ्यानंच, देवापुढे, आणि कीर्तनकार गादीवरून खाली उतरला की ते संपतं, घंटा वाजते, आरतीला सगळे उठतात. ताईनं एकदा पेटीचा आधार घेतला. गोष्ट मात्र ती ओळीनं सांगत गेली, कुठं खुलवण नाही, कुठं तान नाही, धान्य निवडावं तशी.

रेवती खांबाला टेकून बसून ऐकत होती. तेवढंच तिला आठवतं. पुढचं तिला मुजावरांनी सांगितलं. ते तबल्याजवळ बसले होते.

गोष्ट अर्ध्यावर असताना ताईची नजर खांबाकडे गेली आणि तिचं वाक्य क्षणभर अडलं. रेवतीची मान छातीवर पडली होती, तोंड किंचित उघडं. ताईनं झांजा अलगद खाली ठेवल्या. अप्पांकडे बघून तळहात खाली केला, तशी पेटी नुसती श्वास घेऊ लागली. तबलजीनं बोटांच्या टोकांनी ठेका धरला. ताईचा आवाज उतरत उतरत अंगाईएवढा झाला. मागच्या लोकांना ऐकू येईना, तर ते चटया न ओढता, हातांवर सरकत पुढे आले. ईश्वरीची लेक काही बोलू लागली, तिला आईनं पदराखाली घेतलं. गोष्ट संपली. शेवटचा गजर सगळ्यांनी ओठांतल्या ओठांत केला, टाळ्या हाताला हात न लावता. पुजारी निरांजन पेटवून उभे राहिले. घंटेची दोरी धरलेला माणूस ताईच्या पायांकडे बघत होता, त्या कधी उतरतात म्हणून.

ताई उतरली नाही. बोलायचं संपलं होतं, गायचं संपलं होतं. घामानं कपाळावरचा बुक्का ओघळला होता. अप्पांनी स्टूल पुढे सरकवलं, त्याला तिनं मानेनंच नको म्हटलं. मंडपभर माणसं तशीच बसून राहिली, कोणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर कृष्णेवरचा उजेड गेला.

रेवतीला जाग आली तेव्हा ताई उभी होती.